एक्केचाळीस उंबऱ्यांची नाव

आम्ही मोरवणे सोडलं ते आठ माणसांच्या होडीतून. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. होडी पलीकडच्या एका मासेमाऱ्याची. तिला तीन खेपा कराव्या लागल्या. पहिल्या खेपेत भांडी आणि वाकळा गेल्या, दुसऱ्या खेपेत थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांच्या दोन मुली. तिसऱ्या खेपेत मी, शेजारच्या विठाकाकू, त्यांचा मुलगा, एक शेळी आणि धान्याची पोती. आई-आबा काठावर उभे होते. ते येणार नव्हते. आबांनी ते आधीच सांगून टाकलं होतं आणि एकदा सांगितलेलं ते पुन्हा सांगत नसत.

होडी भरली तेव्हा तिची कड पाण्यापासून जेमतेम चार बोटं वर राहिली. आबांनी एक पाय पाण्यात घालून होडी ढकलली आणि मला म्हणाले, "शिवा, मागं बघू नगंस. कलंडंल."

ही सूचना होती. एवढ्या लहान होडीत कुणी अंग वळवलं की ती कलते. मी समोरच्या डोंगराकडे बघत राहिलो. पाणी ओलांडायला पाऊण तास लागला. आई काठावर किती वेळ उभी होती, ते मला माहीत नाही.

हे मी वरच्यांसाठी लिहितो आहे आणि खालच्यांसाठीही. धरणाचं पाणी चढल्यावर जे गावाबरोबर डोंगराच्या अंगाला सरकले आणि तिथेच राहिले, ते वरचे. जे सांगली जिल्ह्यात मिळालेल्या जमिनीवर आले, ते खालचे. दोन्ही गावांचं नाव मोरवणेच आहे. सरकारी कागदावर खालच्या गावाला 'नवीन' असा शब्द जोडलेला आहे. तो आम्ही बोलताना कधी वापरत नाही.

वरचं गाव उताराचं होतं. तिथे एका घराच्या अंगणातून दुसऱ्याचं छप्पर दिसायचं. खालच्या गावात सगळं सपाट. पहिल्या वर्षी वहिनीच्या मुली घर चुकायच्या, कारण सगळी घरं एका ओळीत आणि एका उंचीची होती. वर आम्ही नाचणी आणि वरी खात होतो. खाली शेजारचे शेतकरी ऊस लावायचे. त्यांच्या बोलण्यात लागण, खोडवा, तोडणी, टोळी असे शब्द यायचे. दोन वर्षांत ते आमच्याही तोंडात बसले. मी सांगलीला एका दैनिकात लागलो. आधी प्रुफं तपासायचो, मग तालुक्यांच्या बातम्या लिहू लागलो. हेडिंग, कॉलम, डेडलाइन हे शब्द माझे झाले. आईला पत्रात यातलं काही लिहिता येत नसे. मी लिहायचो, काम बरं आहे. उत्तरात शाळेचे गुरुजी आबांच्या वतीने लिहायचे, इकडे सर्व ठीक, आईस दमा मधून मधून.

'मधून मधून' याचा अर्थ मी विचारला नाही.

तिसऱ्या वर्षी वरून निरोप आला. म्हातारबा गुरवाची सून सखू बाळंतपणाला अडली होती. तिला डोलीत घालून काठापर्यंत आणलं. होडी होती, पण डोली तिच्यात आडवी मावेना आणि उभी ठेवता येईना. सखूला बसवून न्यावं लागलं. ती वाचली, मूल वाचलं नाही. निरोप घेऊन आलेला माणूस एवढं सांगून पाणी प्यायला. मग माझ्याकडे वळून म्हणाला की तुमच्या आईलाही मागच्या महिन्यात असंच काठापर्यंत आणलं होतं, पण तोवर होडी पलीकडे गेलेली होती. मग काठावरच बसून दम उतरला.

त्याच संध्याकाळी खालच्या मारुतीच्या पारावर बैठक झाली. वरच्यांना नाव द्यायची, यावर एकाही माणसाचं दुमत नव्हतं. मतभेद झाला तो किती मोठी आणि ती न्यायची कशी यावर. दोन्ही गोष्टी ठरवायचं काम माझ्याकडे आलं. कारण मी वर्तमानपत्रात होतो, आणि वर्तमानपत्रातला माणूस चौकशी करून मगच बोलतो असा खालच्यांचा समज होता.

सांगलीत कृष्णेच्या काठी दत्तू मिस्त्रींचा नावा बांधण्याचा अड्डा होता. साठीचा माणूस. बोलण्यात मध्येच कानडी शब्द यायचा. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. आजारी माणूस झोपवून नेता आला पाहिजे आणि वारं सुटलं तरी नाव टिकली पाहिजे. नदीवरच्या त्यांच्या नावांचं नाक फळ्यांनी झाकलेलं असायचं, नावाडी त्यावर उभा राहायचा. आम्हाला नाक उघडं हवं होतं. पुढे दोन्ही बाजूंना बाकं आणि मध्ये टाकायला एक सुटी फळी, म्हणजे तिन्ही मिळून डोलीच्या लांबीची जागा होईल.

मिस्त्रींना ते पसंत नव्हतं. पुढे माणसं बसली की नाक पाण्यात घुसतं, असं त्यांचं म्हणणं. धरणाच्या पाण्यावर लाटा उठतात हेही त्यांना माहीत होतं. शेवटी त्यांनी पुढच्या बाजू वीतभर उंच घ्यायचं कबूल केलं आणि बजावलं की पुढे चार बसले तर मागे सहा बसले पाहिजेत. मग त्यांनी खडू उचलला आणि विचारलं, "माणसं किती?"

मी गावी विचारून सांगतो म्हणालो.

वरून आबांचं पोस्टकार्ड आलं. गुरुजींचं अक्षर, शब्द मात्र आबांचे. "नाव बारा हाताच्या आत बसवा. वढायला बाया हायत." बारा हात म्हणजे अठरा फूट. मी ते पारावर वाचून दाखवलं. सगळ्यांना वाटलं, आबा भिडस्त माणूस, आपल्यावर बोजा नको म्हणून लहान मागतो आहे. पुढचं वाक्य मीही वाचलं होतं. तेही भिडेचंच आहे, असं मी धरून चाललो.

मोरवण्यात मोजणी उंबऱ्यावर होते. भैरोबाच्या दिव्याची पाळी असो, जत्रेतलं मटण असो की वाटेची डागडुजी, सगळं उंबऱ्यावर. गावचे उंबरे एक्केचाळीस. वरच्या आळीपासून क्रम ठरलेला, आमचा तेविसावा. मी बैठकीत म्हटलं की वर आता चौदाच घरं उघडी आहेत, तेव्हा चौदा धरावेत. एका खेपेला सात-आठ माणसं, म्हणजे आबा म्हणतात तेवढी नाव पुरेल.

विठाकाकू पाराच्या खाली बसल्या होत्या. बायका बैठकीत बोलत नसत. त्या बोलल्या.

"आन् आमचा उंबरा? त्यो काय धरणात बुडला व्हय रं?"

त्यांचं जुनं घर खरोखरच पाण्याखाली होतं. पण कुणी हसलं नाही. चौदा धरायचे म्हणजे उरलेले सत्तावीस गावातून खोडायचे, हे तोवर कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. त्यानंतर चर्चा झाली नाही. एक्केचाळीस उंबरे, उंबऱ्याला एक माणूस, दोन खेपांत गाव पार. एका खेपेला एकवीस. मी मिस्त्रींना आकडा दिला. त्यांनी जमिनीवर खडूने चोवीस फुटांची रेघ ओढली. ती अड्ड्याच्या दाराबाहेर गेली.

ती न्यायला वाहन कुठलं, हा दुसरा प्रश्न. खालच्या गावात सैन्यातून परतलेले हणमंततात्या होते. पंधरा वर्षं त्यांनी उत्तरेच्या डोंगरांत लष्करी गाड्या चालवल्या होत्या. हा विषय आपला आहे असं त्यांनी जाहीर केलं आणि पुढचे दोन आठवडे ते मिशीला पीळ देत हिंडले.

तीन पर्याय होते. कराडच्या एका व्यापाऱ्याचा ट्रक, त्याच्याच ओळखीतली लिलावात घेतलेली मिलिटरीची जीप, आणि शेजारच्या बागायतदाराचा पस्तीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर. ट्रकमध्ये नाव मावली असती, पण पाण्याकाठी ती उतरवायची कशी? शिवाय कासपासून धरणाकडे जाणाऱ्या उतारावर एवढा लांब ट्रक वळला नसता. नाव चाकांवर ठेवून मागे जोडायची आणि चाकं सरळ पाण्यात सोडायची, हाच मार्ग होता. मी जीपच्या बाजूचा होतो. जीप वेगात जाते, चारही चाकांनी ओढते. तात्यांनी मला नावेचं वजन विचारलं. मिस्त्री म्हणाले होते, दहा क्विंटलच्या आसपास. तात्यांनी विचारलं, आणि जीपचं? तेही जवळपास तेवढंच.

"गड्या, वढायचं कुनीबी वढतंय," तात्या म्हणाले. "थांबवायचं कुनी? गाडी हलकी आन् वझं जड, तर घाटात वझं गाडीला हाकतंय."

ट्रॅक्टर ठरला. वजनाने तो जीपच्या दुपटीला थोडा कमी होता. पण ट्रॉलीचंही वजन धरायला हवं, हे तात्यांनीच काढलं. मग उसाच्या ट्रॉलीच्या बाजूच्या फळ्या काढून टाकल्या आणि ट्रॅक्टर आणखी जड व्हावा म्हणून त्याच्या मागच्या चाकांत हवेबरोबर पाणी भरून घेतलं. नाव ट्रॉलीवर ठेवताना तिचा भार आसाच्या किंचित पुढे येईल असं बघितलं. भार मागे गेला की ट्रॉली शेपूट हलवते, असं तात्या म्हणायचे. तोडणीचा हंगाम अजून लागला नव्हता म्हणून ट्रॅक्टर मोकळा मिळाला. दसऱ्याच्या आधी चार दिवस आम्ही निघालो.

पहिला मुक्काम कराडला, दुसरा साताऱ्यात. नावेला मागे लाल फडकं बांधलं होतं. रस्त्यावरची माणसं विचारायची, कुठल्या नदीला चालली? तात्या ड्रायव्हरच्या शेजारी मडगार्डवर बसून सांगायचे, डोंगरावर. लोकांना ती थट्टा वाटायची. यवतेश्वरच्या चढावर ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये होता आणि आम्ही पायी त्याच्या पुढे निघून जात होतो.

कासच्या पुढे उतार लागला तिथे तात्यांनी गाडी थांबवली. पूर्वी घाटात बैलगाड्यांना मागे ओंडका बांधत, तसा एक ओंडका ट्रॉलीला बांधला. दोन दोर सोडले. आम्ही एकोणीस जण होतो. निम्म्यांनी डावा दोर धरला, निम्म्यांनी उजवा. तात्यांनी हुकूम दिला की दोर ताठ राहिला पाहिजे, कुणी पुढे बघत चालायचं नाही, दोराकडे बघायचं. अशा रीतीने आम्ही अंग मागे रेलून, टाचा रोवत, गावाच्या दिशेने उतरलो. सोडून गेल्यानंतर आमच्यातले बरेच जण प्रथमच येत होते. ओंडक्याने रस्त्यावर जो चर पाडला होता, तो परत जाताना आम्हाला दिसला. शेवटपर्यंत एकसारखा होता.

पाणी काठोकाठ होतं. अलीकडच्या काठावर, बामणोलीच्या खाली, ट्रॉली मागे घेतली आणि नाव जवळजवळ आपोआप तरंगली. चार वल्ही, सुकाणूला तात्या. ते नावाडी नव्हते, पण त्यांना कुणी हटकलं नाही. पलीकडे काठावर सगळं वरचं गाव उभं होतं. आईने डोक्यावरचा पदर सावरत माझ्याकडे बघितलं आणि वाळलास म्हणाली. मग तिने पहिला प्रश्न विठाकाकूंची शेळी व्याली का, हा विचारला.

आबा नावेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने मोजत गेले. सोळा हात भरले. पुढची बाकं त्यांनी दाबून बघितली, सुटी फळी घालून बघितली. 

"नाव बेस हाय," ते म्हणाले. "वढनार कोन?"

बातमी लिहिताना सहा प्रश्न विचारायचे असं मला शिकवलं होतं. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं. त्यातला पहिला मी सोडला होता. नाव सांगलीहून काठापर्यंत कोण ओढणार याचा दोन आठवडे विचार झाला. ती काठावर आल्यानंतर कोण ओढणार, याचा एक दिवसही नाही. त्या धरणाचं पाणी दसऱ्याला घराच्या पायथ्याशी असतं आणि वैशाखात पाऊणएक मैल खाली जातं. नाव पाण्याबरोबर खाली न्यावी लागते, नाहीतर चिखलात बसते. पावसाळ्याआधी वर काढावी लागते. वरचे तरणे पुरुष मुंबईला. राहिल्या त्या बायका आणि आबांसारखे पाच-सहा म्हातारे. पोस्टकार्डावर नेमकं हेच लिहिलेलं होतं.

माघात ती बसलीच. चौदा घरच्या बायकांनी दोर लावला. मिस्त्रींनी वजन सांगितलं होतं ते कोरड्या नावेचं. चार महिने पाणी प्यालेली नाव त्याहून कितीतरी जड होती. ती वीतभरही हलली नाही. यावेळचं पोस्टकार्ड सखूने सांगून लिहवलं होतं. "तुमची नाव झोपली हाय. उठवाय या."

'तुमची' हा शब्द पारावर बराच वेळ फिरत राहिला. कापून लहान करावी, असं एक जण म्हणाला. परत आणावी, असं दुसरा. विठाकाकू या वेळी पाराच्या वर येऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, उंबरे एक्केचाळीस धरलेत ना, मग दिव्याला जशी पाळी तशी दोराला. ज्याचा उंबरा मोजला त्याने ओढायला जायचं.

तसं ठरलं. पाणी सरकलं की वरून कार्ड यायचं आणि क्रमाने चार उंबऱ्यांची माणसं दोन दिवसांसाठी जायची. नावेखाली गोल ओंडके टाकायचे, पुढे बायका, मागे आम्ही. वरच्या बायका खालच्या पुरुषांना लय बोलायच्या. सखू तर म्हणायची की सपाटीला राहून ह्यांच्या पायांतला घाट गेला. खरं होतं. पहिल्या पाळीला मी दोनदा घसरलो.

माझी पुढची पाळी आली ती पुढल्या वर्षीच्या वैशाखात. दुपारी उशिरापर्यंत नाव खाली आणली आणि पाण्याला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत निघणार होतो. भाकरी बांधताना आई चुलीपुढेच खाली बसली. तिचा श्वास घरभर ऐकू येत होता. ओठांचा रंग बदलला होता. आबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि डोली काढली.

काठापर्यंत पाऊण मैल उतार. नाव आदल्या दिवशी जिथे लावली तिथे तरंगत होती. आम्ही पुढची फळी टाकली, पण आईला आडवं होता येईना; दम्याच्या माणसाला झोपवलं की श्वास आणखी कोंडतो. फळी पुन्हा काढली. बाकाच्या कोपऱ्यात तिच्या पाठीला वाकळा रचल्या आणि तिला बसतं ठेवलं. सखू तिच्यासमोर बसली, दोन्ही हात तिच्या गुडघ्यांवर. पुढे माणसं होती म्हणून मागे सहा जण बसले. मिस्त्रींचा हिशेब सगळ्यांना पाठ झाला होता. चार वल्ही मारणाऱ्यांत दोघं वरचे, दोघं खालचे. अर्ध्यावर वारा सुटला. उंच घेतलेल्या कडेवर लाट आपटली आणि तिथूनच परतली. आईच्या लुगड्याला पाणी लागलं नाही.

त्याच दुपारी ती साताऱ्याच्या दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर करायला नको होता. सहाव्या दिवशी आम्ही तिला परत आणलं. येताना ती नावेत पुढेच बसली, पण आपणहून. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं की दवाखान्यातला चहा पाणचट होता. पुढल्या वर्षी सखूला त्याच जागेवरून नेलं. तिला मात्र फळी टाकून आडवी. तिची मुलगी आता तीन वर्षांची आहे आणि नावेत बसायला आपल्याला पुढचीच जागा पाहिजे म्हणून हट्ट करते.

या दशकाच्या सुरुवातीला मला कुणी घर कुठे म्हणून विचारलं असतं, तर मी विषय बदलला असता. आता पत्ता दोन ओळींत सांगता येतो. सांगलीत माझी भाड्याची खोली आहे, भाऊ खालच्या गावात आहे, आई-आबा वर. पण वर्षातून एकदा, कधी फाल्गुनात, कधी वैशाखात, ऑफिसच्या पत्त्यावर एक कार्ड येतं. त्यावर क्षेमकुशल नसतं. "पाणी सरलं. तेविसावा उंबरा." मी रजेचा अर्ज टाकतो. संपादक कारण विचारतात, मी लिहितो, घरचं काम.

त्या वैशाखात आईला घरी पोचवून मी सांगलीला निघालो, तेव्हा मला पलीकडे सोडायला आबा स्वतः सुकाणूला बसले. आई काठावर आली होती. तिला चालू नको म्हटलं होतं, तरी आली होती. मी सवयीने पुढे तोंड करून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलो. नाव काठापासून सुटली. थोडं अंतर गेल्यावर मागून आबांचा आवाज आला.

"बघ की मागं. ही न्हाई कलंडत."

मी बाकावरून उठलो आणि पूर्ण वळून उभा राहिलो. आई पाण्याच्या कडेला, तिच्यामागे चिखलात ओंडक्यांची रांग, आणि अगदी वर चौदा घरं. मी ती एक एक करून मोजली. नाव जराही हलली नाही.